टेक्सासच्या उन्हात बास धरायचा तर

जुलैत टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर यायचं तर पहाटे पावणेसहाला गरी पाण्यात हवी. उजाडताना बास, म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, काठच्या गवतात शिकारीला येतो. तेव्हा पाण्यावर तरंगणारं, बुडबुड वाजणारं आमिष ओढायचं. नऊनंतर काठ सोडा. मासा खोल जातो, पण फार खोलही नाही, कारण तळाच्या गार पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मी १५ ते २० फुटांवर, बुडालेल्या झाडांपाशी प्लॅस्टिकचं जांभळं गांडूळ सोडतो आणि सावकाश ओढतो. सावकाश म्हणजे किती? मालवणात आमचे आजोबा विडी संपेपर्यंत दोरी हलवत नसत, तितकं.

इथे १६ ते २४ इंचांमधला मासा घरी नेता येत नाही. हात ओले करून पटकन सोडा. कोमट पाण्यात तो लवकर दमतो.