बेस वाजवायचाय? आधी ड्रमरशेजारी जाऊन उभं राहा

लातूर, परभणी, नांदेड, कुठंबी गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला जा, सगळे गाणाऱ्याकडं नाहीतर लीड गिटारवाल्याकडं बघायलेत अन् बेसवाला, म्हणजे खालचे जाड सूर देणारी गिटार वाजवणारा, मागं अंधारात उभा. पण त्यानं दोन ओळी हात थांबवू द्या, गाणं लगेच पोकळ वाटायलंय, फक्त कशामुळं ते लोकांना सांगता येत नाही.

नव्यानं शिकायले असाल तर जागा ड्रमरशेजारीच धरा, त्याचा किकवरचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवरचा, पाय दिसला पाहिजे, किक पडली की तुमचा सूर त्याच क्षणी पडला पाहिजे. आधी नुसता कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जोडणीचा) मूळ सूर वाजवा, सी असली तर सी, बस, मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला 70 ठोक्यांच्या स्पीडला ते पक्कं बसलं की मग पंचम अन् वरचा सा घ्या. सूर सोडायचाबी वेळेवर, डावं बोट तारेवरून उचलू नका, जरा ढिलं करा, तार गप होते.

आता खरी ताकद बघा. गिटारवाला सी मेजर वाजवायलाय अन् तुम्ही खाली ए धरला की तीच कॉर्ड ए मायनर सेव्हन, म्हणजे वेगळीच कॉर्ड, ऐकू येते! त्यानं बोट हलवलंबी नाही, रंग तुम्ही बदलला. म्हणून मला बेसवाल्याचं लई मोल वाटतं.

जाड ई तार साधारण 41 हर्ट्झची, मोबाईलच्या स्पीकरवर ती नीट कळतच नाही, रियाज हेडफोन लावूनच करा. अन् मंगल कार्यालयात पत्र्याखाली वाजवायचं असलं तर कीबोर्डवाल्या भाऊला डाव्या हाताचे खालचे सूर सोडून द्यायला सांगा, नाहीतर दोघांचा नुसता गडगडाट होतो.