सोयाबीनच्या मळणीआधी नाकाची तयारी

गौरी-गणपती उरकले की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात बांधाबांधावर काँग्रेस गवत पांढरं फुलून उभं राहतं. मग सोयाबीनची मळणी. ती संपते न संपते तोवर साखर कारखाने चालू होतात आणि उसाच्या पाचटाचा धूर सुरू. या तिन्हींपायी माझे चौदा दसरे-दिवाळ्या शिंकण्यात गेले. पहाटे उठल्याबरोबर सलग वीस-पंचवीस शिंका, डोळे चोळून लाल, टाळूला आतून खाज. ताप मात्र कधी नाही. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. पाण्यासारखं नाक आणि खाज आठवडेच्या आठवडे चालली, तीही दरवर्षी त्याच दिवसांत, तर ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा. पण पहिली दोन वर्षं मी ती चुकीची करत होते. मीठ अंदाजाने टाकायचे. कमी पडलं की नाकात झणका जायचा, जास्त झालं तरी आग. शेवटी गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ९ ग्रॅम मीठ तोलून घेतलं. एक लिटर पाण्याला एवढंच लागतं, मग ते नाकाला झोंबत नाही. घरी एका जुन्या चमच्यात ते किती भरतं ते पाहून चमच्यावर खिळ्याने खूण केली. आता मोजायची कटकट नाही. आयोडीन नसलेलं मीठ घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाकला तर आणखी सौम्य होतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र कुणाचं ऐकू नका. पाणी चांगलं खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं तसंच कधी घ्यायचं नाही. पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. आमच्या आत्ती म्हणायच्या, "अगं, पिण्याचंच पाणी हाय की." त्यांना मी हेच समजावलं, आणि आता गॅसवर पातेलं त्या स्वतःच ठेवतात.

मोरीवर वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी लावली की पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. मळणीच्या दिवशी संध्याकाळी ते पाणी करड्या रंगाचं येतं, भुशाचे बारीक कण त्यात दिसतात. ते पाहिलं की हे सगळं दिवसभर आत बसलं होतं हे कळतं. नंतर एक-एक नाकपुडी हळू शिंकरा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर कानात पाणी जातं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी राहू द्या. भांडं धुऊन पालथं वाळवा.

काँग्रेस गवत फुलण्याआधी उपटलेलं बरं. जमीन ओली असताना, हातमोजे घालून. त्याने अंगावर पुरळही उठतं. फुलल्यावर भांगलायला जाल तर तोंडावर परागच येणार. मळणीला ओढणीची टापर पुरत नाही, बारीक धूळ त्यातून जाते. एन-९५ मास्क आणि साधा चष्मा लावा. घरी आलं की आधी केसांवरून अंघोळ, मग जेवण. केसांतली धूळ रात्री उशीवर येते आणि पहाटेच्या शिंका तिथूनच सुरू होतात. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. गोधड्या झटकायचं काम घरात ज्याला त्रास नाही त्याला द्या, तेही अंगणात.

आता हळद-दूध आणि काढ्याचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण शिंका माझ्या हळदीने थांबल्या नाहीत. गरम दुधाने घसा निवतो, झोप बरी लागते, म्हणून मी घेते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका. काढ्यात ज्येष्ठमध रोज नको, बीपी वाढतं. आत्तींच्या वाटणीच्या काढ्यात मी तो घालतच नाही. वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण लहान मुलांना पातेल्यावर वाकवू नका, भाजतं.

आठवडी बाजारातल्या बिनलेबलच्या पुडीने मला तीन दिवसांत आराम पडला होता. दोन महिन्यांत चेहरा सुजला, साखर वाढली. त्यात स्टेरॉइड असणार, असं डॉक्टर म्हणाले. "पूर्ण आयुर्वेदिक" ऐकून फसू नका. पदवीधर वैद्यांकडे जा आणि चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना दाखवा.

डॉक्टरांनी मला नाकात मारायचा स्प्रे दिला, तो मी आधी चार दिवसांत सोडला, "काही फरक नाही" म्हणून. त्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तो रोज मारावा लागतो. म्हणून आता मी गणपती बसले की सुरू करते, डॉक्टरांना विचारूनच. आधी नाक धुवायचं, दहा मिनिटांनी स्प्रे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला राहतं. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. मेडिकलमधले नाक लगेच मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर सोडल्यावर नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं. आणि झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टरवर, मळणी मशिनवर अजिबात नाही.

छातीत शिट्टी वाजते का, तेवढं रोज रात्री ऐका. माझ्या पोराला नुसता पहाटेचा खोकला होता, आम्ही तोही नाकाचाच समजत होतो. पाचट पेटलं त्या रात्री त्याला दोन शब्द सलग बोलवेनात. तो दमा निघाला. असं दिसलं तर काढा उकळत बसू नका, गाडी काढा.