गुडघ्यात इंजेक्शन घेण्याआधी

नौपाड्यात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "इंजेक्शनने ऑपरेशन टळेल ना गं?" काहींचं लांबतं. पण झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, त्याने भरून येत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

कुठलं इंजेक्शन, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्टेरॉइडने सूज उतरते, आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. दोन डोसांत साधारण 3 महिन्यांचं अंतर ठेवतात. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, घरी रोज तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. दुसरं इंजेक्शन पीआरपीचं, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं. खर्च बराच, पुरावा संमिश्र.

इंजेक्शनच्या दिवशी रिक्षाने घरी जा, स्टेशनचा पूल चढू नका. दुखणं उतरलं की मांडीचा व्यायाम धरा: खुर्चीत बसून पाय सरळ करा, 5 सेकंद धरा, हळू खाली आणा. मिळालेला आराम त्यासाठीच वापरायचा, हे मी प्रत्येकीला बजावते. गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.