घरच्या घरी लाकडी रंधा: तोंड बारीक ठेवा

रंध्याला जड, कठीण, पूर्ण वाळलेले लाकूड हवे. सांगली-साताऱ्याकडे बाभूळ सहज मिळते. मोडीत निघालेल्या बैलगाडीची बाभूळ मिळाली तर वखारीतल्या ताज्या कापापेक्षा तीच घ्या, फक्त आत मोडलेले खिळे आहेत का ते नीट पाहा. मिरजेला तंबोऱ्यासाठी वापरतात ते तून वाद्याला उत्तम, पण रंध्याच्या तळाला मऊ पडते.

ठोकळा 310 मिमी लांब, 82 रुंद, 60 उंच घ्या. पाते 50 मिमी रुंद, 4 मिमी जाड, एकेरी, म्हणजे वर दुसरी पट्टी नसलेले. ठोकळा बाजूने पाहिला की त्यातल्या रेषा पुढून मागे जाताना तळाकडे उतरत असाव्यात. उलट धरलात तर तळाचे तंतू घासताना उचकटतात.

दोन्ही बाजूंनी करवतीने फळ्या कापून काढा. साफ केल्यावर मधला भाग 52 मिमी आणि बाजूच्या फळ्या प्रत्येकी 10 मिमी उरायला हव्यात. पात्याला दोन्हीकडे 1 मिमी मोकळीक लागते, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून पाते आवळले जाते.

आता मधल्या भागावर तोंडाची, म्हणजे तळातून पात्याची धार बाहेर येते त्या फटीची, जागा आखा, पुढच्या टोकापासून साधारण 130 मिमीवर. तिथून मागे 45 अंशांचा आणि पुढे 60 अंशांचा काप घ्या. मधला तुकडा निघून जातो. 45 अंशांचा उतार, म्हणजे पात्याची बैठक, पटाशीने अगदी सपाट करा. बैठकीवर पेन्सिल घासून पाते दाबा. पात्याला डाग लागले नाहीत तिथे बैठक खोलगट आहे. तळाजवळ अशी पोकळी राहिली की पाते थरथरते आणि फळीवर आडव्या लाटा उठतात.

सगळे भाग कोरडेच जुळवून पाहा. पाते, धारेची तासलेली बाजू खाली ठेवून, बैठकीवर सरकवा. त्याची धार तळाच्या अर्धा ते एक मिमी वरच पुढच्या ठोकळ्याला अडली पाहिजे. घाई इथेच नडते: तळ 1 मिमी घासला की तोंड सुमारे दीड मिमी उघडते. तोंड मोठे झाले तर गाठीजवळ लाकूड फाटते आणि मग तोंडापुढे तळात लाकडाची चकती बसवण्यावाचून इलाज नाही.

जागा ठरली की दोन्ही टोकांना, नंतर कापून टाकायच्या भागात, आरपार लाकडी खुंट्या ठोका. त्याशिवाय फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळताना भाग हमखास घसरतात. पण त्याआधी बाजूच्या फळ्यांत पाचर अडवणाऱ्या 10 मिमीच्या लोखंडी सळईसाठी भोके पाडा: तळापासून 32 मिमी वर, बैठकीपासून काटकोनात 15 मिमी. सळई घालूनच चिकटवा आणि 24 तास हात लावू नका. मग टोके कापून रंधा 250 मिमीचा करा.

सळईखाली शिरून पाते दाबून धरणारी पाचर बाभळीचीच, 110 मिमी लांब, खालून वर जाड होत जाणारी. खालचे टोक पातळ आणि पात्याला चिकटलेले हवे, कारण फटीत पहिली ढलपी अडकली की मागच्या सगळ्या तिथेच कोंबल्या जातात.

तळ शेवटी घासायचा, तोही पाते आत ओढून आणि पाचर ठोकून, कारण पाचरीच्या ताणाने ठोकळा किंचित वाकतो. काचेवर 80 नंबरचा पॉलिशपेपर, मग 220. तोंडाची उरलेली फट कानशीने उघडा. दोन पोस्टकार्डे एकत्र शिरतील, एवढी पुरे.