काखेत, तळहातांना फार घाम येतो? उपचार असे करा

रात्री अंग घामेजते, वजन घटते किंवा ताप राहतो? मग आधी थायरॉईड, साखर आणि क्षयाची तपासणी करून घ्या.

काखेसाठी पहिला उपाय म्हणजे २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराईड. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावा आणि सकाळी धुवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. आंघोळ करून ओलसर काखेत लावलं, की पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होतं आणि आग होते. त्यामुळे हवं तर पंख्याखाली दहा मिनिटं थांबा. केस काढल्यावर दोन दिवस लावू नका. घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे.

तळहातांना आयन्टोफोरेसिस (पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार) चांगलं: साध्या नळाच्या पाण्यात हात, १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह, २० ते ३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. अंगठ्या काढा, चिरांवर व्हॅसलीन लावा. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर हे मुळीच नको.

काखेतल्या बोटॉक्स इंजेक्शनचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो. घाम कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. छातीतला मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण नंतर पाठ-पोटाला घाम वाढतो आणि तो सहसा जात नाही.