जोडीदाराला पहिल्यांदा काऊबॉय शूटिंगला नेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या सामन्यात रायफलच्या चौथ्या बाराला झाडलेल्या काडतुसाची तापलेली पितळी पुंगळी शर्टाच्या गळ्यातून आत गेली आणि छातीला चिकटली. फोडणीचं तेल उडालं की हात आपोआप मागे जातो, तसं माझं अख्खं अंग गर्रकन वळायला निघालं. हातात भरलेली रायफल होती. टायमर धरून मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझा खांदा घट्ट धरला आणि ‘मझल!’ (म्हणजे नळीचं तोंड) एवढंच ओरडले. नळी पुढेच राहिली. भाजल्याचा डाग दोन आठवड्यांत गेला, पण त्या एका क्षणाची आठवण झाली की अजूनही पोटात गोळा येतो.

त्या दिवशी गळाबंद शर्ट घाल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा तीन वर्षं हा खेळ खेळत होता. त्याला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. आता ॲरिझोनातल्या रेंजवर मी नवख्यांसोबत उभी राहते, तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसतं. ज्याला खेळ येतो तो जे सांगायला विसरतो, तेच नवख्याला नडतं. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात ही नेमबाजी सुरू झाली. 1987 साली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सॅस, स्थापन झाली आणि आज बहुतेक सामने तिच्या नियमांनी होतात. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन (खालची दांडी पुढे-मागे करून काडतूस चढवायची) रायफल आणि एक शॉटगन लागते. निशाणे पोलादी असतात, जवळ असतात आणि गोळी लागली की टण्ण वाजतात. फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर हिवाळ्यात भरणारी ‘विंटर रेंज’ स्पर्धा पाहिलीत तर आजीच्या वयाच्या बायका झपाझप रायफल चालवताना दिसतील. पाहणाऱ्याला ते सोपं वाटतं आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते.

घरच्याच माणसाने गुरू होणं

ही सगळ्यात मोठी चूक. नवरा बायकोला शिकवो किंवा बायको नवऱ्याला, गाडी शिकवताना जे होतं तेच इथे होतं. फरक इतकाच की हातात भरलेली बंदूक असते. टायमरवाला एक सांगतो, मागून नवरा दुसरं सांगतो, आणि मधल्या मध्ये नवखी व्यक्ती मान वळवून मागे बघते. मान वळली की खांदा वळतो आणि खांद्याबरोबर नळी. नळी निशाण्यांच्या दिशेने 170 अंशांच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली तर आधी कुणाच्या तरी जिवाला धोका, आणि मग त्या स्टेजमधून, म्हणजे सामन्यातल्या त्या फेरीतून, बाद.

स्टेज चालू असताना फक्त टायमरवाल्याचाच आवाज कानावर पडला पाहिजे. तुम्ही मागे जाऊन उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. कठोर वाटेल, पण माझ्या नवऱ्याने दुसऱ्या सामन्यापासून हे पाळलं आणि माझे हात थरथरायचे थांबले. सामन्याआधीचं शिक्षणही क्लबमधल्या एखाद्या अनुभवी आणि शांत माणसाकडे सोपवा. बहुतेक ठिकाणी असं कुणीतरी असतंच. विचारलं की आनंदाने वेळ देतात.

तुमची जुनी बंदूक तिच्या हाती देणं

‘माझी शॉटगन आहेच की, नवी कशाला?’ हे वाक्य मी फार ऐकते. सहा फुटी माणसाच्या मापाचा दस्ता पाच फूट दोन इंच बाईच्या खांद्यावर बसतच नाही. दस्ता लांब पडला की ती मागे झुकते, तोल टाचांवर जातो, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकतो आणि पहिल्याच बाराला काळानिळा डाग पडतो. तिथून पुढे बार उडायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागते. एकदा लागली की ती मोडायला महिने जातात.

बंदूक तिच्या मापाची हवी. दस्ता आखूड करून घेता येतो. बारा बोअरमध्येही कमी धक्क्याची काडतुसं मिळतात, वीस बोअरची शॉटगनही चालते. रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्हींसाठी .38 स्पेशलची हलकी काडतुसं घ्या. .45 कोल्टची हौस नंतर भागवता येईल. या खेळात गोळ्या शिशाच्याच वापरतात आणि वेगालाही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे काडतुसात जास्त दारू भरून काहीच फायदा होत नाही. निशाणा जोरात वाजला म्हणून कुणी जास्त गुण देत नाही.

होल्स्टरचंही तसंच. पुरुषाच्या सरळ कमरेसाठी कापलेला पट्टा बाईच्या कमरेवर तिरका बसतो आणि मूठ बरगडीत रुतते. बाईच्या अंगासाठी वळणदार कापलेले पट्टे मिळतात, तेच घ्या. आडवं, पोटावर बांधायचं क्रॉस-ड्रॉ होल्स्टर पहिल्या वर्षी नकोच. त्यातून रिव्हॉल्व्हर काढताना नळी बाजूला फिरते आणि 170 अंश सांभाळायला पाय वळवावे लागतात.

आणखी एक गोष्ट घरीच तपासा. दोन्ही तळहातांचा छोटा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं स्विच पाहायला सांगा आणि एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याने स्विच त्रिकोणातच दिसतं, तो तिचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर रायफलचा नेम का चुकतो, याचं उत्तर मिळालंच म्हणून समजा.

पोशाखाच्या नादात सुरक्षितता विसरणं

पोशाख हा या खेळाचा प्राण आहे, मलाही तो मनापासून आवडतो. पण गळा बंद हवा, बाह्या मनगटापर्यंत हव्यात आणि घाघरा घोट्याच्या वर हवा. 1873च्या विंचेस्टर धाटणीच्या रायफलची पुंगळी सरळ वर उडते आणि कुठेही पडते. रुंद काठाची टोपी तिला अडवते, शिवाय पोलादावर आपटून उडणाऱ्या शिशाच्या कणांपासून चेहराही झाकते. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा लावा. तो बघ्यांनीही लावायचा असतो. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. टोपीचा काठ आवाज अडवणारे कानावरचे मफ वर ढकलतो आणि फट पडून आवाज आत येतो. म्हणून आत फोमचे बोळेच घाला.

नऊवारीचा विचार माझ्याही मनात आला होता. काष्ट्याने पळायला सोपं, पण पदर रिव्हॉल्व्हरच्या मुठीत अडकतो. समारंभाला नेसा, रेंजवर नको.

बंदुका भरायच्या टेबलापाशी गप्पा

सिंगल ॲक्शन, म्हणजे दर बाराला घोडा (हॅमर) हाताने मागे ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरला गोळ्यांची सहा घरं असतात, पण आपण पाचच भरतो. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि हलकेच खाली सोडा. घोड्याखाली रिकामं घर येतं. हा क्रम तोंडाने पुटपुटत करा. मधेच कुणी ‘हा ड्रेस कुठून घेतलास?’ विचारलं तर उत्तर देऊ नका. बोलता बोलता सोडायचं घर चुकतं आणि घोडा भरलेल्या घरावर टेकतो. अशी रिव्हॉल्व्हर खाली पडली तर बार उडू शकतो. टेबलापाशी उभा असलेला माणूस बाजूच्या फटीतून बघून खात्री करतो. त्याला बघू द्या, घाई करू नका. रायफलीत दहा भरायच्या, पण चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) रिकामं आणि घोडा खाली. शॉटगन रिकामीच न्यायची, ती टायमर सुरू झाल्यावर भरतात.

वेगाच्या मागे लागणं

प्रत्येक चुकलेल्या निशाण्याला पाच सेकंद वाढतात. निशाण्यांचा क्रम चुकला तर दहा. माझ्या पहिल्या स्टेजला सात निशाणे चुकले, म्हणजे पस्तीस सेकंद दंड. एकेका बाराला एक सेकंद जास्त घेतला असता तर चोवीस बारांचे चोवीसच सेकंद वाढले असते आणि निशाणेही वाजले असते. कसलेले खेळाडू वीस सेकंदांच्या आत स्टेज संपवतात. नवख्याला दीड मिनिट लागलं तरी कुणाला काही वाटत नाही. ‘माझा पहिला सामना आहे’ हे मोठ्याने सांगा. सांगितलं की सगळे मदतीला येतात.

क्रम पाठ करायला घरी सराव करा. डमी काडतुसं वापरा, खरी काडतुसं त्या खोलीतही नकोत.

अडलं तर काय करायचं

हे चार प्रसंग आधीच घरी बोलून ठेवा.

रायफल अडकली: बहुतेक वेळा लिव्हर पुढे पूर्ण ढकलली गेलेली नसते. नवखी व्यक्ती अर्ध्यातून मागे ओढते आणि काडतूस तिरकं अडकतं. पुढे ठक्क, मागे ठक्क, दोन्हीकडे शेवटपर्यंत. तरीही सुटलं नाही तर झटापट करू नका. टायमरवाल्याला सांगा आणि तो म्हणेल तशी, नळी निशाण्यांकडे ठेवून, खाली ठेवा. न झाडलेल्या गोळ्या चुकल्या म्हणून धरल्या जातील. धरू द्या.

बार फुसका वाटला: ठण्णऐवजी ‘फुस्स’ आलं आणि धक्का बसला नाही तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी सोडली तर नळी फुटते. इथे टायमर, गुण, लाज सगळं विसरायचं.

बंदूक हातातून निसटली: झेलायला जाऊ नका, उचलायलाही वाकू नका. ती टायमरवाला उचलतो. रिकामी पडली तर त्या स्टेजमधून बाद, भरलेली पडली तर सामन्यातूनच. डोळ्यांत पाणी येईल, पण नियम योग्यच आहे.

घोडा ओढला आणि पुढचा निशाणा आठवेना: घोडा स्वतःहून खाली सोडू नका. नळी पुढे ठेवून विचारा. टायमरवाला सांगतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी हे आधी वाचावं

एच-1बी, एच-4, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणंही त्यात येतं. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण ‘मित्र म्हणाला चालतं’ यावर विसंबू नका, इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. जोडीदार एच-4वर असेल तर तिला गुण लिहायला बसवा. सामन्यात ते काम नेहमीच हवं असतं. मात्र मदत म्हणून पुंगळ्या वेचायला लावू नका. त्या कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या पुंगळ्याही काडतुसांमध्येच धरलेल्या आहेत.

शिसं

दिवसभरात हातांवर, केसांवर, कपड्यांवर शिशाची धूळ बसते. खाण्याआधी थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा. रेंजवर उभ्या उभ्या शेंगदाणे तोंडात टाकू नका. चपला-बूट दाराबाहेर काढायची आपली सवय इथे खूप कामाला येते. कपडे मुलांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. गरोदर असाल, दिवस जायची शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असाल तर हा खेळ तेवढा काळ थांबवा. मी दीड वर्ष थांबले होते. परत गेले तेव्हा शॉटगनचा दस्ता पुन्हा थोडा कापून घ्यावा लागला, कारण मधल्या काळात उभं राहायची पद्धतच बदलली होती.