जुन्या सन मशीनची घड्याळाची चिप बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक चिपला हात लावायच्या आधीच होते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचं जुनं वर्कस्टेशन, स्पार्कस्टेशन २०, चालू केलं आणि पडद्यावर ‘टाइमआउट वेटिंग फॉर आर्प/रार्प पॅकेट’ ही ओळ सारखी येत राहिली, की माणूस डिस्कच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. नागपूरचा मे महिना, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि मी दोन दिवस स्कझीच्या (डिस्क जोडायच्या) केबली काढतोय, लावतोय. डिस्क ठणठणीत होती. चिपमधली बॅटरी संपली की मशीन आपली सेटिंग विसरतं आणि डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला जातं. तिथे उत्तर द्यायला कोणीच नसतं. त्याच पडद्यावर जरा वर बघा. आयडीप्रॉम (चिपमधला मशीनची ओळख साठवणारा भाग) चुकीचा असल्याची तक्रार आणि मशीनच्या नेटवर्कवरच्या इथरनेट पत्त्याच्या जागी नुसते एफएफ एफएफ दिसले, तर बिचाऱ्या डिस्कला सोडून द्या.

दुसरी चूक म्हणजे चिपला नुसतं घड्याळ समजणं. या मशीनमधली एम४८टी०८ ही २८ पिनांची चिप. तिच्या काळ्या टोपीत लिथियमची बॅटरी आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल असतो. बॅटरी साधारण दहा वर्षांच्या हिशेबाने घातलेली, आपल्या उन्हाळ्यात तापणाऱ्या खोल्यांत त्याहून लवकरच दमते. पण इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, हेही तिथेच राहतात, आणि जुन्या सॉफ्टवेअरचे परवाने बऱ्याचदा त्या होस्ट आयडीलाच बांधलेले असतात. म्हणून चिप जिवंत आहे तोवर बॅनरवरचे (मशीन चालू होताना पडद्यावर येणाऱ्या मजकुरातले) हे दोन्ही आकडे वहीत उतरवा. मेलेलीच असेल, तर तिच्यावरचं बारकोडचं स्टिकर टाकू नका. त्याच आयडीतले अंक त्यावर सापडू शकतात.

खरेदीत मी एकदा फसलो. नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानात ‘भाऊ, सीलबंद माल आहे’ म्हणत मिळालेली चिप घरी भिंगाखाली धरली, तर छापाच्या खाली जुना छाप खरवडलेला. खरीखुरी पण जुनी चिपही तितकीच निरुपयोगी, कारण आतली बॅटरी कपाटात पडून असली तरी म्हातारी होते. तारखेचा कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

काहीजण टोपी कानशीने घासून बाहेरून सीआर२०३२ जोडतात. जमतं. मात्र जुन्या बॅटरीची जोडणी आधी तोडावी लागते, नाहीतर मेलेला सेल नव्याला ओढत बसतो. आणि सेलवर थेट झाळू नका, होल्डर वापरा.

चिप काढताना वीज बंद, वायर काढलेली. पातळ स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून आळीपाळीने थोडी थोडी उचला, एका बाजूने उपसली तर पिना वाकतात. आपल्याकडे एप्रिलमधल्या कोरड्या हवेत हाताला झटके बसतात, तेव्हा आधी मशीनच्या धातूच्या पेटीला हात लावा. आणि कूलरच्या झोतासमोर बसू नका. पाण्याचे बारीक तुषार बोर्डावर येतात. नवी चिप बसवताना खाच जुनीच्याच दिशेने. उलटी बसवलीत तर ती गेलीच समजा.

आता खरी मेख. नव्या चिपमध्ये आयडीप्रॉम हाताने भरावा लागतो. तो १६ बाइटचा: पहिला ०१, मग मशीनचा प्रकार (स्पार्कस्टेशन २० साठी ७२), मग पत्त्याचे सहा, तारखेचे चार, होस्ट आयडीचे उरलेले तीन आणि शेवटी चेकसम (पडताळणीचा बाइट). हे बाइट लिहायच्या ‘एमकेपी’ आज्ञेत आधी किंमत, मग जागा. हेच लोक उलटं टाकतात. आकडे हेक्समध्येच (सोळाच्या पायावर) वाचले जातात. चेकसम म्हणजे आधीच्या पंधरा बाइटचा एक्सऑर (बिटाबिटाची तुलना, सारखे असतील तिथे शून्य). पत्त्याचे शेवटचे तीन आणि आयडीचे तीन सारखेच ठेवले, की ते एकमेकांना खोडतात. तारीख शून्य ठेवली, तर सनच्या इथरनेट पत्त्याच्या सुरुवातीच्या ०८ ०० २० सह उरतं ते ५बी. याहून वेगळं आलं, तर कुठलातरी अंक चुकलाय.

नव्या चिपचं घड्याळ कारखान्यातून थांबवलेलंच येतं, बॅटरी वाचावी म्हणून. वेळ हलत नाही म्हणून चिप परत करायला धावू नका. ऑपरेटिंग सिस्टिम चढवून तारीख घातली की सहसा ते चालू होतं.

नुसतं रीबूट करून ‘झालं’ म्हणू नका. चालू मशीनमध्ये बॅटरीची परीक्षा होतच नाही. वायर भिंतीतून काढा, रात्रभर तसंच ठेवा, आणि सकाळी बॅनरवरचा पत्ता वहीतल्या पत्त्याशी ताडून बघा.